कळांच्या वेळी सोबत कोण?

कापसाच्या वेचणीतून, संध्याकाळच्या चुलीपासून थोडा वेळ काढून तुम्ही ऐकायला बसलात, बरं वाटलं. आज बाळंतपणाबद्दल बोलू. गोळ्या, इंजेक्शन, सोनोग्राफी याबद्दल आशाताई आपल्याला सांगतच असतात. मी बोलणार आहे सोबतीबद्दल. कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत, आणि पुढे सव्वा महिना, त्या बाईजवळ कोण असतं? आणि कोण असायला हवं?

माझ्याकडच्या एका गटातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण ती आपल्यापैकी कुणाचीही असू शकते. सून पहिलटकरीण होती. कळा सुरू झाल्या तशी घरच्यांनी गाडी केली आणि तिला दवाखान्यात नेलं. इथवर सगळं ठीक झालं. प्रसूती कक्षाचं दार लागलं, ती आत आणि सासू बाहेर बाकावर, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ती पोरगी आत एकटी होती. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत होती, ते ऐकून हिचे हातपाय गार पडले. हिनं पाणी मागितलं, कुणी दिलं नाही. ओरडली तेव्हा कुणीतरी असं काही बोललं की ते ती आजही सांगत नाही. बाळ सुखरूप झालं. घरचे म्हणाले, चला, सुटलो.

पण ती सुटली नव्हती. तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "मी नाही जात आता दवाखान्यात. मरीन त घरीच मरीन." रक्त कमी होतं तिचं. अशा बाईनं घरी बाळंत होणं म्हणजे जिवाशी खेळ. आशाताईनं समजावलं, नवऱ्यानं रागावून पाहिलं, ती हलेना. मग गटाच्या बैठकीत एक वयस्क काकू म्हणाली, "अगं, तिले दवाखान्याचं भेव नाही. एकटं राहण्याचं भेव हाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो त्या दिवशी.

सोबत कुठे हरवली?

आपल्या आज्यांची बाळंतपणं घरी झाली. दाई असायची, आई किंवा मावशी पाठीशी बसायची, एखादी शेजारीण पाणी तापवायची. त्या खोलीत माणसं होती, पण रक्त चढवायची सोय नव्हती, सिझर नव्हतं, झटके आले तर औषध नव्हतं. किती आया आणि किती बाळं त्यात गेली ते प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. म्हणून जुने दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही.

आज महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे दिसलं. ही मोठी कमाई आहे. पण घरातून दवाखान्यात जाताना आपण एक गोष्ट उंबऱ्यावरच ठेवून आलो. पाठीवर फिरणारा हात घरीच राहिला. सिस्टर एक आणि खाटा चार, ती कुणाकुणाजवळ बसणार? दोष एकट्या सिस्टरचा नाही. पण रिकामी जागा रिकामीच राहते.

ही जागा भरण्याचं काम आपल्या नागपुरात फार आधी एका बाईनं हाती घेतलं होतं. कमलाताई होस्पेट. लहान वयात त्यांना वैधव्य आलं. त्या काळात विधवा बाईनं कोपऱ्यात बसायचं असे दिवस होते. त्यांनी परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि वेणूताई नेने यांच्या साथीनं १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. छोट्याशा प्रसूतिगृहापासून सुरुवात झाली आणि पुढे त्याच्या शाखा वाढत गेल्या. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दाईचा मायेचा हात आणि दवाखान्याची स्वच्छता, दोन्ही एका छताखाली असावं, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच शहरात दोन बायांनी करून दाखवलं.

डूला म्हणजे कोण?

मुंबई-पुण्याकडे आता एक शब्द ऐकू येतो, डूला. मूळ शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ सेवा करणारी बाई. डूला गरोदरपणात बाईला धीर देते, कळांच्या वेळी सलग तिच्याजवळ राहते, बाळंतपणानंतर घरी येऊन मदत करते. शहरात हे काम शिकलेल्या बाया पैसे घेऊन करतात.

एक फरक नीट लक्षात ठेवा. डूला म्हणजे दाई नव्हे, नर्सही नव्हे. ती बाळंतपण करत नाही. तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, पोट दाबत नाही. ती फक्त सोबत करते. आपण तिला सोबतीण म्हणू.

फक्त सोबत करून काय होतं, असं वाटेल. ऐका. ग्वाटेमाला नावाच्या देशातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी पाहणी केली, ती १९८० साली छापून आली. काही बायांजवळ कळांच्या वेळी एक साधी, ओळखपाळख नसलेली बाई बसवली. तिनं फक्त पाठ चोळली, हात धरला, बोलत राहिली. त्या बायांच्या कळांचा वेळ एकट्या राहिलेल्या बायांपेक्षा बराच कमी होता. पुढे जगभर असे अभ्यास झाले. २०१७ साली १७ देशांतले असे २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत १५ हजारांहून जास्त बाया होत्या. ज्यांना सलग सोबत मिळाली त्यांची नैसर्गिक बाळंतपणं जास्त झाली, सिझर कमी झाले, कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांच्या आसपास कमी झाला, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बाया कमी निघाल्या. आपल्या राज्यात आज चारातलं एक बाळंतपण सिझरनं होतं. काही सिझर जीव वाचवतात, ते हवेतच. पण नुसती सोबत दिल्यानं एखादं टळत असेल, तर ती का देऊ नये?

यामागे जादू नाही. गाय विताना भोवती गलका झाला, कुत्रं भुंकलं, तर ती थांबते, हे आपण पाहिलेलं आहे. बाईचंही तसंच. भीती वाटली की अंगात एक रस वाढतो, छातीत धडधडतं, अंग आखडतं. कळा आणणारा रस वेगळा, त्याचं नाव ऑक्सिटोसिन. भीतीचा रस वाढला की ऑक्सिटोसिनचं काम मंदावतं. धीर मिळाला, अंग सैल झालं की कळा आपल्या लयीत येतात.

हा हक्क कागदावर आहे

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सूचना काढली की सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत एक सोबती आत राहू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारचा लक्ष्य नावाचा कार्यक्रम आला. प्रसूती कक्ष सुधारण्यासाठी तो आहे, त्यातही सोबतीचा मुद्दा आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की प्रत्येक बाईला तिच्या मर्जीची सोबत मिळावी.

आपल्या सरकारच्या सूचनेत काही अटी आहेत, त्या पाठ करून ठेवा. सोबती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. जिथे आडोसा नीट असेल तिथे नवऱ्यालाही आत राहता येतं. सोबतीला कुठलाही संसर्गाचा आजार नसावा. कपडे स्वच्छ असावेत. शेवटपर्यंत थांबण्याची तिची तयारी हवी. तिनं दवाखान्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, आणि दुसऱ्या बायांच्या खाटेकडे जाऊ नये.

यात "नात्यातली" हा शब्द आहे. म्हणजे गटाची अध्यक्ष थेट आत जाऊ शकेलच असं नाही. मग गटानं काय करायचं? ज्या नात्यातल्या बाईला आत जायचं आहे, तिला तयार करायचं. जाऊ असेल, बहीण असेल, मावशी असेल, तिला आधीपासून शिकवायचं. आपल्याकडे काकू-मावश्या आत गेल्या तर कित्येकदा स्वतःच रडायला लागतात, नाहीतर "कशाला ओरडतेस, आम्ही नाही का केली चार बाळंतपणं" असं बोलतात. ही सोबत नव्हे.

म्हणून निवड घरच्यांनी करायची नाही, त्या बाईनं करायची. तिला एकटीला गाठून विचारा, "तुझ्याजवळ कोण असलं तर तुला बरं वाटेल?" ती सासूचं नाव घेईल, जावेचं घेईल, आईचं घेईल. जिचं नाव घेईल तिला सातव्या महिन्यापासून तयार करायला घ्या.

बाळंतपणाआधी

सोबतिणीनं निदान एकदा तरी तिच्यासोबत तपासणीला जावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तो दिवस चांगला. त्याच दिवशी सिस्टरला विचारून घ्या, "बाळंतपणाच्या वेळी ही सोबत राहणार आहे, चालेल ना?" आधी ओळख झालेली असली की रात्री दोन वाजता दारावर वाद होत नाही. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर तिथेही आधीच विचारा. ते नाही म्हणाले, तर दुसरीकडे जायचं की नाही हे ठरवायला वेळ हाताशी असतो.

पिशवी भरून ठेवा. आईचं तपासणीचं कार्ड, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन सैल गाऊन, पॅड किंवा धुऊन उन्हात वाळवलेली सुती फडकी, बाळासाठी टोपी, पायमोजे आणि मऊ कपडे, पाण्याची बाटली.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची, सिकलसेल. पुष्कळ घरांत हा आजार आहे आणि कित्येकींना तो आहे हे माहीतही नसतं. गरोदरपणात ही तपासणी झालीच पाहिजे. सिकलसेलचा त्रास असेल तर कार्ड सर्वांत वर ठेवा आणि दवाखान्यात पाय ठेवताच पहिल्यांदा तेच सांगा. अशा बाईला पाणी कमी पडलं, थंडी लागली किंवा ताप आला तर अंग भयंकर दुखायला लागतं आणि जिवावर बेतू शकतं. सोबतिणीला हे माहीत हवं.

गाडीचा नंबरही आधीच ठरवा. १०२ आणि १०८ मोबाईलमध्ये लिहून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर शांतपणे विचारा, "कशाचे? पावती द्याल का?"

निघायचं कधी? पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळ यायला लागली आणि ती मिनिटभर टिकायला लागली की निघावं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, किंवा गाव रस्त्यापासून आत असेल, तर त्याआधीच. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी आली, झटके आले, बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट पाहायची नाही. लगेच निघायचं.

आत गेल्यावर

पहिलं बाळंतपण बारा तास चालू शकतं, कधी जास्तही. सोबतिणीनं आधी स्वतः खाऊन घ्यावं. उपाशी सोबतीण चार तासांत चिडचिडी होते.

कळ आली की तिच्या डोळ्यांकडे पाहून सोबत श्वास घ्या. नाकानं सावकाश आत, तोंडानं फुंकर मारल्यासारखा बाहेर. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या बाजूला तळहातानं दाबून चोळा, तिला बरं वाटतं का ते विचारा. नको म्हणाली तर थांबा. कळ ओसरली की घोटभर पाणी द्या. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हलकं काही खाता येतं, पण विचारून. दर दोन तासांनी लघवीला न्या, भरलेली पिशवी बाळाची वाट अडवते. सिस्टर हो म्हणाली तर चालवा, बसवा, कुशीवर वळवा. तासन्‌तास उताणं पडून राहण्यापेक्षा ते बरं.

"जोर लाव, जोर लाव" असं आपल्या मनानं ओरडू नका. वाट पूर्ण उघडण्याआधी जोर लावला तर बाई दमते आणि खरी वेळ येते तेव्हा अंगात काही उरत नाही. कधी जोर लावायचा ते सिस्टर सांगेल. तोवर सोबतिणीच्या तोंडी दोनच वाक्यं असावीत. "होतंय, छान होतंय." आणि "मी इथंच आहे." ती ओरडली तर ओरडू द्या. ओरडण्यात लाज कसली?

सिस्टरशी भांडण नको, पण बोलायला घाबरायचंही नाही. "सिस्टर, ती म्हणते तिला चक्कर येते, एकदा पाहता का?" एवढं वाक्य पुरतं. पुष्कळदा ज्या बाईजवळ कुणी बसलेलं असतं तिच्याशी बोलतानाचा सूर आपोआप खाली येतो.

सिझर करायचं ठरलं तर ऑपरेशनच्या खोलीत सहसा सोडत नाहीत. तेव्हा तिचा हात धरून सांगा की हा तुझा पराभव नाही. मग बाहेर थांबा आणि बाळ बाहेर आलं की त्याच्याजवळ राहा.

पहिला तास

बाळ ठीक असेल तर ते उघड्या अंगानं आईच्या छातीवर ठेवतात, वरून फडकं आणि डोक्याला टोपी. हेच त्याचं पहिलं पांघरूण. तासाभराच्या आत पाजायला मदत करा. पहिला घट्ट पिवळा चीक फेकायचा नाही. ते बाळाचं पहिलं लसीकरणच समजा. मध नको, गुळाचं पाणी नको, घुटी नको. पहिल्या दिवशी आंघोळही नको.

आणि याच वेळी एक डोळा आईवर ठेवा. वार पडल्यानंतरचे पहिले तास सगळ्यांत धोक्याचे. सगळी माणसं बाळाभोवती गोळा होतात आणि आई मागे राहते. पॅड भराभर भिजतंय, मोठ्या गाठी पडतायत, ती पांढरी पडतेय, घाम सुटलाय, तर लाजू नका, हाक मारा.

ज्या सुनेची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिनं सोबत म्हणून मोठ्या जावेचं नाव घेतलं होतं. आम्ही त्या जाऊबाईला दोन वेळा बसवून हे सगळं सांगितलं, तपासणीच्या दिवशी सिस्टरची ओळख करून दिली. सून दवाखान्यात जायला तयार झाली ती एवढ्यावरच. बाळ झालं, मुलगी. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळली होती. जाऊबाईनं चादर उचलून पाहिली तर पॅड पूर्ण भिजलेलं, खालची चादरही भिजत चाललेली. तिनं हाक मारली. सिस्टर धावत आली, पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, डॉक्टरला बोलावलं. रक्त थांबलं. जाऊबाईनं स्वतः काहीच केलं नाही म्हणा, फक्त पाहिलं आणि वेळेवर हाक मारली. घरी बाळंतपण झालं असतं, किंवा दवाखान्यात ती एकटी असती, तर? तो विचार मी पूर्ण करत नाही.

सव्वा महिना

दवाखान्यात निदान दोन दिवस थांबा, घाई करून गाडी बोलावू नका. घरी आल्यावर सोबतिणीचं दुसरं काम सुरू होतं.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, बाज, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. माया आहे त्यात, आणि खाणं चांगलंच आहे. पण काही गोष्टी बदलायला हव्यात. मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ अंशांपर्यंत जातं, अशात दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवली तर आई आणि बाळ दोघांचा जीव घुसमटतो. धूर बाळाच्या छातीत जातो. आणि "पाणी कमी पी, पोट सुटेल" हे तर अगदी चूक. पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं. जेवणही पोटभर. वरण, भाजी, अंडी, शेंगदाणे, जे घरात असेल ते. लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

शेजारच्या गडचिरोलीनं या सव्वा महिन्याचं मोल साऱ्या देशाला दाखवलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांतल्या साध्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, आजार ओळखत. त्या गावांत पहिल्या महिन्यातले बाळमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ साली हे जगासमोर आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आशाताई आली की बाळंतिणीला झोपेतून उठवून तिच्यासमोर बसवा, बाहेरच्या बाहेर चहा पाजून पाठवू नका.

बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त चालतो, छाती आत खेचली जाते, तळहात-तळपाय पिवळे झालेत, नाळेतून पू येतो, झटके येतात, तर त्याच दिवशी दवाखाना. आईला ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, पुन्हा जास्त रक्त जायला लागलं, पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, तरीही त्याच दिवशी.

शिवाय मनाचं दुखणं असतं. बाळंतपणानंतर चार-पाच दिवस रडू येणं साधारण आहे. पण दोन आठवडे झाले तरी ती गप्प आहे, झोप नाही, बाळाकडे पाहत नाही, "मी मेले तर बरं" असं बोलते, तर ते नाटक नाही, बाहेरची बाधाही नाही. तो आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर फोन केला तर मोफत सल्ला मिळतो. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचं ती बोलत असेल तर एक क्षणही एकटं सोडू नका, आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मुलगी झाली म्हणून घरात तोंडं पडली असतील, तर सोबतिणीनंच पहिल्यांदा बाळाला उचलून घ्यावं. पुष्कळ दुखणी तिथेच हलकी होतात.

गटानं काय करायचं?

हे सगळं एकट्या जावेवर टाकू नका. जाऊ दोन दिवस दवाखान्यात राहिली तर तिची मजुरी बुडते, तिच्या घरची गाय कोण पिळणार, मोठ्या लेकराला कोण जेवू घालणार? म्हणूनच बायका सोबतीला जात नाहीत. मन नसतं म्हणून नव्हे, घर सोडता येत नाही म्हणून.

इथे गट कामी येतो. काटोल असो, कुही असो की रामटेक, प्रत्येक गावात दहा-बारा बायांचा गट आहेच. पुढच्या बैठकीत वसुली झाली की पाच मिनिटं काढा. गावात कोण गरोदर आहे, कुणाला कितवा महिना, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. प्रत्येकीच्या नावापुढे तिनं निवडलेल्या सोबतिणीचं नाव. त्यापुढे, सोबतीण दवाखान्यात गेली तर तिचं घर कोण सांभाळणार त्या बाईचं नाव. गाडीवाल्याचा नंबर. अडचणीला गटातून किती पैसे लगेच काढता येतील ते. जमलं तर सोबतिणीच्या बुडालेल्या मजुरीचाही विचार करा. गटातल्या जुन्या, शांत स्वभावाच्या दोन बाया शोधा, त्यांनी नव्या सोबतिणींना तयार करावं. आशाताईला या बैठकीला बोलवा, तिच्या मदतीशिवाय यातलं काही नीट होणार नाही.

आपण शेळीसाठी कर्ज काढतो, पापडासाठी मशीन आणतो. त्यासाठी जशी वही ठेवतो, तशीच ही वही.

त्या सुनेची मुलगी आता रांगते. तिची आई परवा बैठकीत आली होती. गावात आणखी एक पहिलटकरीण आहे, आठवा महिना लागलाय. कोण जाणार तिच्यासोबत, असं विचारलं तर तिची चुलत सासू हो म्हणाली, पण तिला यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा हीच सून म्हणाली, "मी सांगते त्यायले. काय बोलाचं नाही तेवढं त मले चांगलं माहीत हाय."

येत्या बैठकीत ते शेवटचं पान उघडा, मैत्रिणींनो.